दोन इंच कमी

टर्र असा आवाज झाला तेव्हा तिचे दोन्ही हात मुख्याध्यापिकाबाईंना वेढा घालून त्यांच्या पाठीमागे टेपचं टोक शोधत होते. आवाज मोठा नव्हता. कापडाला कात्रीनं चीर देऊन दोन्ही हातांनी ते फाडलं की होतो तसला, आणि कपडे शिवायच्या दुकानात तसले आवाज दिवसभर होतच असतात. पण हा कुठून आला ते तिला लगेच कळलं, कारण उजव्या काखेत गार वारा लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी आरशातून विचारलं, "काही फाटलं का हो?" ती म्हणाली, "छे, शेजारी पोती उघडतायत." शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, तिथे पोती कुठून येणार? बाईंची एक भुवई वर गेली आणि खाली आली. शाळेत पोरांच्या थापा ऐकून ती भुवई सरावलेली असावी. मग तिनं बाईंच्या कमरेचं माप टेपवर पाहिलं, त्याहून दोन इंच कमी तोंडानं म्हटलं आणि हलकेच खोकली. तो खोकला ओळखणारं कुणी नव्हतं, लिहून घ्यायलाही नव्हतं. खरा आकडा तिनं स्वतःच खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला लिहिला. बाई खूश झाल्या. "बघा, चालण्याचा फायदा. तुमचंच पाहून सुरू केलं मी," असं म्हणून त्या गेल्या, आणि ती उजवा कोपर कुशीला घट्ट दाबून दारापर्यंत पोचवायला गेली.

दिवसभर तो कोपर तिथेच राहिला. कात्री धरताना राहिला, मशिनवर बसताना राहिला, वरच्या फळीवरून अस्तराचा तागा काढायचा होता तो तिनं काढलाच नाही, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं. शिंप्याच्या अंगावरचा कपडा फाटावा यासारखी शोभा नाही. त्यातून फाटला कुठे, तर मुंढ्यात, काखेतल्या बाहीच्या जोडावर. मुंढ्यात कपडा कधी फाटतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दंड जाड झाला, पाठ रुंद झाली की पहिली तक्रार मुंढाच करतो, कमरेची गुंडी नंतर. गिऱ्हाइकं येऊन कापडाला नावं ठेवतात, धुलाईवाल्याला नावं ठेवतात, आणि ती मान हलवत राहते, "हो, हल्ली सूतच कच्चं येतं." इतक्या वर्षांत तिनं कुणालाही तोंडावर सांगितलेलं नाही की बाईसाहेब, सूत चांगलं आहे. आज तिला स्वतःला तेवढंच सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि आरशात पाहिलं तर आरशातली बाई मान हलवत होती.

दोन इंचांची ही रीत वडिलांची. त्यांना सगळे मास्तर म्हणत, अजूनही म्हणतात, जरी डोळ्यांपायी त्यांनी कापायचं सोडलं आहे आणि आता ते फक्त काजं-गुंड्या करतात. मास्तरांचा हात हलका आणि जीभ त्याहून हलकी. जाड माणूस माप द्यायला उभा राहिला की ते टेप लावत, क्षणभर थांबत, आणि दोन इंच कमी पुकारत. पुकारून झालं की खोकत. टेबलाशी खडू घेऊन बसलेली आई तो खोकला ऐकायची आणि दोन वाढवून लिहायची. गिऱ्हाईक आरशासमोर जरा ताठ व्हायचं, कपडा मात्र बेतशीर बसायचा, आणि बाहेर जाऊन सांगायचं, मास्तरांसारखा हात नाही. आई कधीतरी हसत म्हणायची, "तुमच्या घशाला काही औषध नाही बाई." लहानपणी ती आईच्या मांडीला टेकून खडूचे तुकडे मांडत बसायची. तिला अंक कळायच्या आधी खोकला कळत होता. कोण खोकल्याचं आणि कोण बिनखोकल्याचं, हा तिचा दुपारचा खेळ होता. दारातून माणूस आत आला की ती मनातल्या मनात ठरवायची, आणि चुकायची क्वचितच.

मग शाळेचा नवा गणवेश शिवायचा होता. ती बारा वर्षांची असेल. स्टुलावर उभी राहिली, हात पसरले, आणि टेप कमरेभोवती आला. वडिलांच्या बोटांना खडूचा आणि तंबाखूचा वास यायचा, तो तिला आवडायचा. त्यांनी टेप लावला. क्षणभर थांबले. "सव्वीस," ते म्हणाले, आणि खोकले. आईनं लिहिलं. बास, एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, उलट गणवेश झकास बसला. पण स्टुलावरून उतरताना तिचे कान तापले होते, आणि त्या दिवशी जेवताना तिनं पहिल्यांदा खोटं सांगितलं की मला भूक नाही. भूक तर अशी होती की पोटात कावळे ओरडत होते. रात्री ती पांघरुणात तोंड खुपसून रडली, आणि रडतानाही आवाज होऊ नये म्हणून जपली. वडिलांना आपली लाज वाटते, इतकी वाटते की सख्ख्या पोरीलाही गिऱ्हाइकासारखं फसवावं लागतं, हे तिनं त्या वयात पक्कं करून टाकलं. पुढे तिला भूक लागली असं ती कुणाला म्हणाली नाही. जेवली भरपूर, पण सगळं उभ्यानं, पाठ करून, भांड्यातून थेट, चोरासारखं. आई गेल्यावर तर काय, वडील तेव्हा दिवसभर खाली दुकानात, स्वयंपाकघरात पाठ करायलाही कुणी उरलं नव्हतं.

औषध तिनं चाळिशी ओलांडल्यावर सुरू केलं. आठवड्याला एक इंजेक्शन, पेनासारखं, पोटावर स्वतःच टोचायचं. सुरुवातीला मळमळ झाली, ती दोन-तीन आठवड्यांत ओसरली, आणि मग एका दुपारी मशिनवर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की आत कुणी बोलत नाही आहे. आयुष्यभर आत एक बडबड चालू असायची, डब्यात काय उरलंय, कोपऱ्यावर काय तळतायत, कोण बघत नाहीये. ती थांबली. शेजारच्या घड्याळवाल्याची सगळी घड्याळं एकदम बंद पडावीत तसं झालं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच शरमही वाटली, कारण हे आपण केलेलं नाही, विकत आणलेलं आहे, असं तिला वाटलं. म्हणून तिनं ते लपवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, रोज चालते. आणि वडिलांना फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी ती पेनं सापडली, त्यांनी डोळ्यांजवळ धरून विचारलं, "हे गं काय?" तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "साखर निघालीय मला, बाबा." साखरेचा आजार म्हणजे घरंदाज आजार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. संध्याकाळी चहा वडिलांनी केला, दोघांचा, आणि तो बिनसाखरेचा होता. चमचा उभा राहील इतका गोड चहा पिणारा हा माणूस. ती म्हणाली, "तुमच्यात तरी घाला." ते म्हणाले, "तुझ्यासमोर गोड पिऊ? मग तुलाही मोह होईल. एकच टाकत जाऊ." त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. रोज दोन वेळा ते पहिल्या घोटाला डोळे बारीक करतात आणि मग काहीतरी दुसरं बोलू लागतात. रोज दोन वेळा ती मान खाली घालते. सांगावं असं कितीदा ओठांवर आलं, पण जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं, आणि शेवटी उचलेनासं झालं.

अंग उतरत गेलं तसे तिनं आपले कपडे आत घेतले. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड सोडलेलं असतं, शिंपी त्याला माया म्हणतात. माणूस वाढला तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून ती ठेवायची. दुसऱ्याच्या कपड्यातली माया तिनं जन्मात कधी कापली नव्हती. स्वतःच्या मात्र कापली. एका रविवारी दुकान बंद करून, कपाटातला एकूण एक कपडा काढून, आतून करकरा कापत सुटली. शर्ट, पँटी, आईच्या कोटातून बेतलेला तिचा कोटसुद्धा. त्या पट्ट्या तिनं चिंध्यांच्या पोत्यात कोंबल्या तेव्हा तिला नशा चढल्यासारखं झालं होतं. आता मागे जाणं नाही, कापडच नाही मागे जायला. वडिलांनी पोत्यात हात घालून एक पट्टी ओढून काढली, बोटांत चोळून पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "शिंप्याच्या पोटची पोर तू." तिला तो रागच वाटला. आज काखेत वारा लागल्यावर तिला ते वाक्य आठवलं, आणि राग कुणाचा, कुणावर, हे नव्यानं मोजावंसं वाटलं.

औषध कमी करायचं हे तिचंच म्हणणं. वजन बरेच महिने एका जागी स्थिरावलं होतं, आणि तिला एकदा तरी खरोखर म्हणता यायला हवं होतं की हे माझं आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तोलून मापून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कायम घ्यावं लागलं तरी त्यात पाप नाही, हे आधी लक्षात घ्या. पण कमी करून बघायचंय ना, मग हळूहळू. एकदम बंद नाही, आणि मनानं तर मुळीच नाही. एक पायरी खाली उतरायची, तिथे काही आठवडे थांबायचं, मग बघू. पोटभर आणि वेळेवर जेवायचं, अंगात ताकद राहील असा व्यायाम करायचा. भूक परत येईल. ती आली की मला सांगायचं. वजन चढायला लागलं तर आपण तिथेच थांबू, गरज पडली तर एक पायरी वर जाऊ. त्याला हरणं म्हणत नाहीत." दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुकान बंद ठेवून दर वेळी जाणं जमेना. म्हणून ठरलं की वजन तिनं घरी करायचं आणि संध्याकाळी सिस्टरचा फोन येईल तेव्हा आकडा सांगायचा. त्या आकड्यावर पुढची पायरी.

पहिली पायरी सुखानं उतरली. दुसऱ्या पायरीला भूक आली. पाव भाजणाऱ्याच्या दारावरून जाताना तिची पावलं आपोआप मंद झाली, आणि तो वास घशातून खाली पोटापर्यंत गेला, अगदी जुन्या वाटेनं. तिला भूक लागल्याचं भय वाटलं नाही, आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. घरी येऊन ती फ्रिजसमोर उभी राहिली, दार उघडं, दिवा तोंडावर, पाठ घराकडे. त्या आठवड्यात सिस्टरनं फोनवर विचारलं, "ताई, वजन किती भरलं?" तिनं आकडा सांगितला. सांगितल्यावर तिला खोकला आला. तिनं आणला नव्हता, तो आपला आला. तिच्या कानांनी तो ऐकला आणि काळजात चर्र झालं, कारण आकडा दोन किलोनं कमी होता. पलीकडे मिळवून लिहिणारं कुणी नव्हतं. सिस्टर भाबडेपणानं म्हणाली, "सर्दी झालीय का? गरम पाणी प्या हं." आणि त्या खोट्या आकड्यावर डॉक्टरीणबाईंनी आणखी एक पायरी खाली उतरवली. मग परत फोन, परत आकडा, परत खोकला. आता सगळ्यात कमी डोसाचं पेन फ्रिजच्या दारात न उघडलेलं पडून होतं. आज संध्याकाळी आकडा सांगायचा, उद्या ते टोचायचं, आणि त्यानंतर काही नाही. डोळे मिटून जिना उतरत जावा आणि पायऱ्या दुसऱ्या कुणीतरी मोजाव्यात, असलं काहीतरी आपण करून बसलो आहोत हे तिला कळत होतं. कळून काय करणार, खरं सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की पुन्हा ते स्टूल.

दुकान बंद करून ती वर आली तेव्हा वडील चहा ओतत होते. "हात का असा चिकटवून ठेवलायस? लागलंय काही?"

"नाही."

"मग उचल बघू."

तिनं उचलला नाही. ते जवळ आले, डोळे बारीक करून पाहिलं, बोट लावून पाहिलं. बोटांना अजून सगळं दिसतं त्यांच्या. "काढून दे," ते म्हणाले. ती आत जाऊन जुना गाऊन घालून आली आणि शर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून बोटं फिरवली, वरून खाली, खालून वर. "यात मी काय उसवू?" ते म्हणाले. "काही ठेवलंच नाहीस. जोड लावावा लागेल काखेत, आणि तो दिसणार. नवाच शिवू. माप देतेस?"

"नको."

"अगं, साखरेत वजन जातं-येतं. त्यात काय मोठंसं?"

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि डोळे बारीक केले. तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "बाबा, मला साखर नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. "कधीच नव्हती. ती इंजेक्शनं वजनाची आहेत. मला सांगायची लाज वाटली."

वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हणजे दोन वर्षं मी हे कडू पाणी फुकट पितोय?" ते म्हणाले. "औषध घेतलंस तर घेतलंस. ताप आला की घेतोच की आपण. पण साखर म्हणालीस." त्यांचा आवाज चिरकला. "रोज सकाळी मी तुझ्या चपला झटकून ठेवतो. माहीत आहे तुला? घड्याळवाला म्हणाला होता, साखरवाल्यांना खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते, पाय कापावा लागतो. तू उठायच्या आत मी खाली बसून चपलेत हात घालून बघतो. रोज."

तिला माहीत नव्हतं. चपला नेहमी दारात जोडीनं, टोकं बाहेर करून लावलेल्या असतात, एवढंच तिनं पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाची टापटीप म्हणून सोडून दिलं होतं. गुडघे धरून खाली बसणारा बाप तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. बारा वर्षांच्या वयात वाटलेली लाज आणि ही लाज यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ती अंगाची होती. ही आपण काय केलं त्याची होती, आणि हिला कारण होतं.

"बाबा, मला वाटायचं तुम्हालाच माझी लाज वाटते," ती म्हणाली. "गणवेशाचं माप घेताना तुम्ही खोकला होतात."

"तुला कळायचं ते?"

"मी आईशेजारी खडू घेऊनच बसायचे ना."

वडिलांनी खुंटीवरचा टेप गळ्यात घातला, जुन्या सवयीनं, दोन्ही टोकं समान लोंबती ठेवून. "मला वाटलं तू लहान आहेस," ते म्हणाले. "लोकांना बरं वाटतं म्हणून करायचो. तुलाही बरं वाटेल असं वाटलं. चुकलं माझं. उभी राहा."

ती उभी राहिली. स्टूल नव्हतं, गरजही नव्हती, आता तीच त्यांच्याहून उंच होती. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास येत नव्हता, खडूचा अजून येत होता. टेप कमरेभोवती आला. ते वाकले, आकड्यावर भिंग धरलं, आणि क्षणभर थांबले. तिनं श्वास रोखून धरला, पोट आत ओढलं.

"सोड," ते म्हणाले. "पोट सोड."

तिनं सोडलं.

"छत्तीस," ते म्हणाले.

ती खोकल्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. खालून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिची साखळी वाजली, आणि छत्तीस हा आकडा तसाच खोलीत राहिला. त्याला चिकटून काही येत नव्हतं. तिचे कान तापले. पण आकडा काही वाढला नाही.

"लिहिलंस?"

तिनं खडू उचलून टेबलावरच्या कापडावर लिहिलं. "लिहिलं."

"हात वर कर. छाती."

फोन वाजला तेव्हा टेप तिच्या खांद्यावर होता. सिस्टरनं नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "ताई, वजन किती भरलं?" वडील तिथेच उभे होते, बाजूला झाले नाहीत, आणि तिनंही त्यांना जा म्हटलं नाही. तिनं आकडा सांगितला. मग म्हणाली, "सिस्टर, मागचे दोन्ही आकडे मी कमी सांगितले होते. भूक फार लागते मला. दुसऱ्या पायरीपासूनच लागते." पलीकडून उत्तर यायच्या आत तिनं मनात सगळी बोलणी खाऊन घेतली. सिस्टर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नवीन पेन उघडू नका हं अजून. मी आत्ता डॉक्टरांना विचारते, बहुतेक एक पायरी वर नेतील, तिथेच थांबवतील काही दिवस. आणि ताई, भूक लागते तर जेवताय ना नीट? बसून?" या शेवटच्या शब्दाला तिनं फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. हे तिला कुणी सांगितलं असेल, असं तिच्या मनात आलं. कुणी सांगितलेलं नव्हतं, सिस्टर सगळ्यांनाच विचारत असणार.

तिनं फोन ठेवला. चहा गार झाला होता. तिनं तो ओतून टाकला, नवा टाकला, फळीच्या मागच्या कोपऱ्यातून साखरेचा डबा काढला. साखरेचा दगड झाला होता, चमच्याच्या टोकानं फोडावी लागली. वडिलांच्या कपात तिनं पूर्वीसारखी घातली, मोजली नाही, ढवळून कप त्यांच्यासमोर ठेवला, आणि समोर बसली. त्यांनी कप उचलला. तिला ते तोंड बघायचं होतं, दोन वर्षांनी गोड लागलेलं. त्यांनी घोट घेतला, आणि चेहरा असा आक्रसला की ती दचकली. त्यांनी दुसरा घोट घ्यायचा प्रयत्न केला, तो घशाशीच थांबला. कप खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं.

"नाही जात गं," ते म्हणाले. "नुसता पाक लागतोय. सवय गेली."

कपातून वाफ वर येत होती आणि ती वाफेकडे बघत होती, वर बघायची हिंमत नव्हती. मेजावर त्यांचा हात पुढे आला, खडूनं पांढरी झालेली बोटं तिच्या हाताशेजारी टेकली.

"रडतेस काय? एकदम नाही जमायचं," ते म्हणाले. "उद्या अर्धा चमचा घाल. काही दिवस तेवढाच. मग बघू."

तिनं मान हलवली. मग पोटात काहीतरी कळवळून उठलं, आणि या वेळी तिनं ते दाबलं नाही. मान खाली होती, कान तापलेलेच होते, तरी ती म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय."

"मग वाढ की," ते म्हणाले. "बसून जेवू."